सातव्या महिन्यात लागणारा दम: साधा कुठला, हृदयाचा कुठला

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वहिनींना सत्ताविसावा आठवडा चालू आहे. घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, माहेर दोडामार्गला. गेल्या काही आठवड्यांपासून जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून 'मर्मर ऐकू येतोय, बांबोळीला जाऊन इको करून घ्या' असं सांगितलं. मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, आणि बांबोळीला म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात, गोमेकॉत. तुमच्या आईचं म्हणणं, पोटुशी बाईला दम लागतोच, उगाच इस्पितळाच्या वाऱ्या कशाला. तुम्ही विचारताय की इकोने बाळाला काही होईल का, थोडं थांबून बघितलं तर चालेल का, आणि बाळंतपण नॉर्मल होईल की सिझेरियन. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन असायचं, लग्न ठरलं तेव्हा ते बंद झालं, असं ती एकदा बोलली होती.

मी प्रसूतितज्ज्ञ आहे, गोव्यातच बरीच वर्षं काम करते, आणि माझ्या लेखी तुमचा सगळा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. ते नसतं तर 'इको करून घ्या, बहुतेक काही निघणार नाही' एवढं लिहून थांबले असते. ते आहे म्हणून सांगते, इको याच आठवड्यात व्हायला हवा. रात्री आडवं झोपल्यावर त्यांचा जीव घुसमटत असेल, तर आठवडाही नको. आजच निघा.

सोपा भाग आधी. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाळाची सोनोग्राफी जशी ध्वनिलहरींवर होते तशीच हीही होते, किरणोत्सर्गाचा संबंध नाही. ईसीजीही निर्धोक. उद्या डॉक्टरांना छातीचा एक्स-रे लागलाच, तरी त्यातून बाळापर्यंत पोचणारा डोस नगण्य असतो. गरज असताना तो टाळणं हे न टाळण्यापेक्षा धोक्याचं.

आता आईंचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्के वाढतं, हृदय मिनिटाला जेवढं रक्त पंप करतं तेही ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी दहा-वीस ठोक्यांनी पुढे जाते. शिवाय संप्रेरकांमुळे श्वास खोल होतो. त्यामुळे निरोगी बाईलाही 'दम लागतो' असं वाटतं, संध्याकाळी पावलं सुजतात, मध्येच छातीत धडधडतं. पण हा साधा दम बहुधा लवकर, कधी कधी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू होतो आणि साधारण तसाच राहतो. बाई बोलता बोलता काम करते, कुशीवर निवांत झोपते, सकाळपर्यंत सूज उतरलेली असते.

म्हणून मी 'दम लागतो का' हा प्रश्न फारसा विचारतच नाही. त्याला सगळ्याच जणी हो म्हणतात. मी विचारते, उशा किती घेता? मागच्या महिन्यात किती होत्या? पाठीवर झोपवत नाही ही तक्रार निराळी, ती पोटाच्या भाराने सगळ्यांना होते. डाव्या कुशीवर सपाट झोपूनही घुसमटतं का, हे बघायचं. रात्री दीड-दोन वाजता दचकून उठून खिडकीशी जाऊन बसावं लागतं का? रात्रीचा कोरडा खोकला सुरू झालाय का? महिन्यापूर्वी विहिरीवरून कळशी आणणारी बाई आता न्हाणीघरापर्यंत जाऊन थांबते का? बदल हीच खरी खूण. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटणं, श्रमाने घेरी येऊन पडणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस येणं, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही.

घरी तुम्ही दोन आकडे मोजू शकता. वहिनींना दहा मिनिटं शांत बसू द्या. मग घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा, आणि त्यानंतर मनगट हातात तसंच धरून ठेवून छातीवरच्या पदराची हालचाल मोजा. श्वास मोजतोय हे त्यांना सांगू नका. सांगितलं की माणूस श्वास बदलतो. बसल्या जागी नाडी ११० च्या वर, श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ आणि त्याखाली, हे आकडे मला कुठल्याही गरोदर बाईत आवडत नाहीत. पण उलट अर्थ काढू नका. आकडे चांगले आले म्हणून इको रद्द होत नाही.

मर्मरबद्दलही एक शब्द. वाढलेल्या प्रवाहामुळे बहुतेक गरोदर बायकांच्या छातीत हलका मर्मर ऐकू येतो, तो हृदय आकुंचन पावतानाचा. हृदय सैल होताना, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात येणारा मर्मर मात्र कधीच साधा नसतो. आकसलेल्या झडपेचा असेल तर तो खर्जातला, घरघरल्यासारखा असतो. बाईला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू अगदी हलकी टेकवली तर सापडतो. डोक्यावर पंखा, बाहेर रडणारी पोरं, दारात रांग, अशा ओपीडीत तो निसटणं सहज शक्य आहे. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी कुठला ऐकला ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण वेळ काढून ऐकला आणि पुढे पाठवलं, यासाठी त्यांचे आभार माना.

आता ते एकवीस दिवसांचं इंजेक्शन. लहानपणी गुडघे सुजणं आणि दर तीन आठवड्यांनी कमरेत दुखरं इंजेक्शन, ही जोडी ऐकली की माझ्यासमोर एकच आजार येतो, संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फीवर. घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्याच्याशी लढताना स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात, झडप होत नाही. इंजेक्शन पेनिसिलिनचं असतं, आणि ते घसा पुन्हा पुन्हा बिघडून झडपेवर घाव वाढू नयेत म्हणून वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. झडप बिघडलेली असेल तर किमान दहा वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे लांबचं असेल तोपर्यंत. आपल्या देशात गरोदरपणात सापडणाऱ्या हृदयरोगांत याच आजाराने आकसलेली झडप अजूनही पुढे आहे.

लग्न ठरताना इंजेक्शन बंद होणं मी इतक्यांदा ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही. 'मुलीला काहीतरी आहे' असं सासरी कळू नये म्हणून फाईल माहेरच्या कपाटात जाते आणि मुलगी नवऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने येते. मला आईबापांचा राग येत नाही. आपल्याकडे पत्रिका बघतात, पण झडप बिघडलेल्या मुलीला सरळ होकार देणारी घरं किती? पण त्याची किंमत ती मुलगी सातव्या महिन्यात मोजते. म्हणून वहिनींशी एकटीने बोला, आईंसमोर नको. 'का लपवलंस' हा सूर तर मुळीच नको. माहेरी फोन करून जुनी फाईल, इंजेक्शनचं कार्ड, पूर्वी कधी इको झाला असेल तर त्याचा कागद, असेल ते मागवून घ्या. फोटो काढून पाठवला तरी चालेल. आणि गावातल्या दवाखान्यात जाऊन परस्पर ते इंजेक्शन सुरू करू नका. पेनिसिलिन गरोदरपणात चालतं, अडचण ती नाही. पण झडप फार आकसलेली असेल तर इंजेक्शन कुठे, कसं द्यायचं, की त्याऐवजी गोळ्या द्यायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवावं.

सातव्या महिन्यातच त्रास का उठला? खाडीकाठच्या खाजन शेतीतली मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, तुम्ही पाहिली असेल. ओहोटी लागली की दारं उघडतात, शेतातलं पाणी खाडीत जातं. दार अरुंद झालं आणि त्यात ओहोटीची वेळही आखडली, तर पाणी शेतातच तुंबणार. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी मायट्रल झडप अशीच आहे. तिचं तोंड एरवी ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. दीडच्या खाली गेलं की आजार गंभीर. त्यातून रक्त खाली उतरतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. गरोदरपणात रक्त वाढतं आणि नाडीही वाढते, म्हणजे सोडायचं जास्त आणि वेळ कमी. उरलेलं मागे फुफ्फुसात तुंबतं. हा भार साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोचतो. लग्नानंतर चार वर्षं रांधावाढा, शेतात काम करणारी बाई अचानक सातव्या महिन्यात धापा टाकायला लागते ती यामुळे. तुमच्या वहिनी नेमक्या त्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून 'थांबून बघू' याला माझा विरोध.

हे कळलं की उपचारही कळतात. नाडी हळू करणाऱ्या गोळ्या देतात, बहुधा मेटोप्रोलोल. त्याच जातीतली अटेनोलोल गरोदरपणात टाळतात, कारण तिने बाळाची वाढ मंदावू शकते. पाणी उतरवायला फ्युरोसेमाइड, बेताने. विश्रांती डाव्या कुशीवर. मीठ कमी, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकी मासळी, खारातली तोरं, पापड हे सध्या बाकीच्यांनी खावं. बहुतेक जणींचं एवढ्यावर भागतं. गोळ्या पुरेशा देऊनही दम राहिला तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करता येते. तो उपाय गरोदरपणातही करतात, शक्यतो विसाव्या आठवड्यानंतर, पोटावर शिशाचं आवरण घालून. सगळ्याच झडपा फुग्याला योग्य नसतात. कॅल्शियम साठलेलं असेल, गळतीही असेल, तर मार्ग वेगळा. म्हणून इको आधी, चर्चा मग.

काही गोष्टी मात्र आजपासूनच सांभाळा. हिमोग्लोबिन बघा. ११ च्या खाली असेल तर हृदयाला आणखी ओझं, कारण पातळ रक्त जास्त वेगाने फिरवावं लागतं. पण म्हणून कुठेतरी घाईघाईने रक्ताची किंवा सलाइनची बाटली लावून घेऊ नका. आकसलेल्या झडपेत एक बाटली भराभर गेली तरी फुफ्फुसात पाणी भरू शकतं. दुसरं, दम्याची समजूत. रात्रीचा खोकला, छातीत सूं-सूं, म्हणून दमा समजून पंप किंवा वाफ दिली जाते. त्या औषधाने नाडी धावते आणि अशा बाईचं बिघडतं. तिसरं, पोटात कळ आली की आयसॉक्सुप्रिनची गोळी किंवा इंजेक्शन देण्याची आपल्याकडे सवय आहे. तेही नाडी वाढवतं. झडपेचा निकाल लागेपर्यंत कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तोंड उघडताच पहिलं वाक्य हेच असू दे: 'लहानपणी संधिवाताचा ताप होता, हृदयाची तपासणी चालू आहे.'

नॉर्मल की सिझेरियन, याचं उत्तर आज देता येणार नाही, पण कल कुठे असतो ते सांगते. लोकांना वाटतं हृदय नाजूक म्हणजे पोट फाडणंच सुरक्षित. बहुतेक हृदयरोगांत उलट आहे. सिझेरियनमध्ये रक्तस्राव जास्त, संसर्गाचा आणि गुठळ्यांचा धोका जास्त. म्हणून शक्यतो खालून प्रसूती, पाठीतून वेदनाशामक देऊन, म्हणजे कळांनी नाडी धावत नाही. शेवटी जोर काढायला न लावता व्हॅक्यूम किंवा चिमट्याने बाळाला बाहेर यायला मदत करतात. महाधमनी रुंदावलेली असणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतानाच कळा सुरू होणं, हृदय फारच कोलमडलेलं असणं, अशी मोजकी कारणं सोडली तर सिझेरियन एरवीच्याच कारणांसाठी.

कुठे, याला मात्र माझ्याकडे ठाम उत्तर आहे. इकोत काही गंभीर निघालं तर बाळंतपण गोमेकॉतच. तिथे प्रसूती, हृदयरोग, भूल, अतिदक्षता आणि नवजात विभाग एका आवारात आहेत. घराजवळची खाजगी खोली कितीही स्वच्छ असली तरी मध्यरात्री फुफ्फुसात पाणी भरलं तर तिथून पुढे नेण्यातच वेळ जातो. तुमच्या सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळी तासाभराच्या वर, पावसात आणखी. तेव्हा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कुणी नातेवाईक फोंड्याला किंवा पणजीला असतील तर तिथे राहायला जा, नाहीतर आधीच भरती करून घेण्याबद्दल विचारा. १०८ ला फोन करायची वेळ आलीच तर 'गरोदर' एवढंच न सांगता 'गरोदर आणि हृदयरोग' असं सांगा, आणि त्यांना आडवं न झोपवता बसतं ठेवा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते. बाळ झालं की घरात पेढे वाटले जातात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. झडपेच्या आजारात खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशयातून ३०० ते ५०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे ढकललं जातं. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकसतो, मोठ्या शिरेवरचा दाब उठतो आणि रक्ताचा लोंढा परत येतो. महिनोन्‌महिने पायात साठलेलं पाणीही पुढच्या काही दिवसांत आत ओढलं जातं. पहिले २४ ते ७२ तास म्हणूनच सर्वांत धोक्याचे. रक्तस्राव थांबवायला सर्रास देतात ते मेथरजिन अशा बाईला देत नाहीत, ऑक्सिटोसिनही सावकाश ठिबकत देतात. बाई हसतेय, बाळ पितंय, म्हणून तिसऱ्या दिवशी 'सटीला घरी न्यायची आहे' असा आग्रह धरू नका. डॉक्टर जेवढे दिवस ठेवतील तेवढे ठेवा. घरी आल्यावरही उकळत्या पाण्याचं न्हाण, बंद खोलीत शेक, घामाघूम होईपर्यंत पांघरूण, हे या वेळी बाजूला राहू दे. आईंना वाईट वाटेल. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून सांगवा, घरच्या मुलीचं त्या ऐकणार नाहीत.

इको साफ निघाला तर? तसंही होऊ शकतं. लहानपणी ताप आला तरी झडप वाचलेल्या बायका असतात. मग दम का, याची साधी कारणं शोधायची: रक्त कमी, थायरॉइड, वाढलेला रक्तदाब. एकाच पायाला दुखरी सूज आणि अचानक दम, असं असेल तर शिरेतली गुठळी. मात्र आजचा साफ इको कायमचा दाखला नव्हे. हृदयाचा स्नायूच सैल पडण्याचा एक आजार शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, पूर्वी काहीही नसलेल्या बाईला होऊ शकतो. बाळंतिणीला रात्री झोपवत नाही, ते बाळ रडतं म्हणून की दम लागतो म्हणून, हे कुणीतरी विचारायला हवं.

हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी दोन वाक्यं. धातूची झडप बसवलेली असेल तर रक्त पातळ करायची गोळी घाबरून स्वतःहून बंद करू नका. ती पहिल्या तिमाहीत बाळाला बाधू शकते हे खरं, पण बंद केली तर झडप गुठळीने अडते आणि आई जाते. दिवस राहायच्या आधीच, नाहीतर पाळी चुकल्याच्या दिवशी डॉक्टरांना गाठा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्यांत एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशी नावं असतील तर त्या गरोदरपणात चालत नाहीत. बदलून घ्या. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब फार वाढलेला असेल तर गर्भारपणच जिवावर बेततं. तिथे मी गोड बोलत नाही.

तुमच्या वहिनींसाठी शेवटचा मुद्दा पुढच्या मुलाचा. पुढची वेळ झडपेचा बंदोबस्त झाल्यावरच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो, त्या झडपेच्या आजारात सहसा देत नाहीत. तांबी किंवा संप्रेरकाची तांबी बहुतेकींना चालते. कुटुंब पूर्ण झालं असेल तर शस्त्रक्रिया तुमच्या भावाने करून घेणं सगळ्यात सोपं, त्यात वहिनींच्या हृदयाला काहीच त्रास नाही. हे मी बांबोळीतल्या वॉर्डात नवऱ्यांना सांगते तेव्हा बरेच जण छताकडे बघतात.

सोमवारी सकाळी लवकर निघा, जुने कागद आणि स्वास्थ्य कार्ड बरोबर घ्या, वहिनींना उपाशी नेऊ नका, इकोला उपास लागत नाही. रिपोर्टात चार गोष्टी असतील: मायट्रल झडपेचं क्षेत्रफळ, तिच्यावरचा दाबाचा फरक, फुफ्फुसातला दाब, आणि हृदयाची पंप करण्याची टक्केवारी. नाव झाकून ते आकडे इथे लिहा, मग पुढचं नेमकं बोलता येईल.